‘बल्ब कसो आसा?’ : आउटबोर्ड इंजिन आणि पेट्रोलचा रस्ता

मागे जी फडफड ऐकू येतेय ती होडीवरच्या ताडपत्रीची आहे, तिला इलाज नाही. आजचा भाग मी देवबागला, होडीतच बसून रेकॉर्ड करतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. इंजिन चालू होतं, थोडं जातं आणि बंद पडतं, काय करू? कुणी तारकर्लीचं, कुणी दापोलीकडचं, एक जण तर भिगवणला उजनीच्या पाण्यात लोकांना पक्षी दाखवायला होडी नेतो. आज फक्त पेट्रोलचं बोलू. स्पार्कचा विषय मोठा आहे, त्याला वेगळा भाग लागेल.

आधी माझी फजिती सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी काकांच्या होडीवर नुकताच एकटा जायला लागलो होतो. ज्यांनी देवबाग बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी आहे. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, तो आमचा संगम. पलीकडे भोगवे. डॉल्फिन बघायला जायचं तर याच तोंडातून बाहेर पडायचं. ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येत असते, आणि दोघांची गाठ पडते वाळूच्या उथळ पट्ट्यावर. लाट तिथेच फुटते. तिथे इंजिन बंद पडलं की होडी आडवी होते, आणि आडव्या होडीवर लाट फुटली की होडी उलटायला वेळ लागत नाही.

माझं इंजिन त्या फुटणाऱ्या लाटांच्या थोडं अलीकडे बंद पडलं. आवाज बारीक होत गेला, दोन आचके दिले आणि शांत. होडीत ८ माणसं, त्यात दोन लहान मुलं. मी काय केलं? दोरी ओढली. वीस-पंचवीस वेळा ओढली. चोक ओढून बघितला. मग कव्हर काढलं आणि आत बघत बसलो, जसं काही आत कुणी चिठ्ठी लिहून ठेवलीय. तोवर होडी ओहोटीबरोबर सरकतच होती. एका मुलाच्या आईने विचारलं, “दादा, असं नेहमी होतं का?” मी “हो” म्हटलं. माझ्या तळहाताला फोड आले होते.

शेवटी काकांना फोन लावला. त्यांनी इंजिनाबद्दल काही विचारलंच नाही.

“नांगर टाकलंस?”

नव्हता टाकला. टाकला. होडी थांबली आणि तोंड लाटेकडे करून उभी राहिली.

“आता सांग, बल्ब कसो आसा?”

टाकीकडून इंजिनाकडे येणाऱ्या पाइपात मधे रबराचा काळा बल्ब असतो ना, त्याबद्दल विचारत होते. बघितला तर लिंबू पिळल्यावर सालाचं होतं तसा, चपटा.

“चपटो झालो.”

“मगे टाकीच्या झाकणावरचो स्क्रू बघ.”

हवेचा स्क्रू बंद होता. आदल्या संध्याकाळी टाकी घरी नेताना मीच घट्ट केला होता. उघडल्यावर सुस्स करून हवा आत गेली, बल्ब फुगला, चार वेळा दाबला, दोरी एकदा ओढली आणि इंजिन चालू. काका फोनवरच होते. म्हणाले, “इंजिन नाय, तू बंद पडलस.”

आता यात झालं काय ते नीट समजून घ्या. इंजिनाला पेट्रोल कुणी ढकलत नाही, ते स्वतः ओढून घेतं. टाकी खाली होडीत, त्यातून पाइप, मधे बल्ब, मग इंजिनावरचा कनेक्टर, आत छोटा फिल्टर, मग पंप, मग कार्ब्युरेटर. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात पंप म्हणजे एक पातळ पडदा. क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो तसा तो पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. त्याची ताकद फार नसते. टाकीतून पेट्रोल निघालं की त्या जागी हवा यायला हवी. स्क्रू बंद असेल तर आत पोकळी होते आणि एका क्षणी तो पडदा हार मानतो. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हे लवकर होतं, कारण आत हवेला जागाच कमी. म्हणजे भरपूर पेट्रोल घेतलंय म्हणून निर्धास्त निघालेला माणूस आधी अडकतो!

बल्बचा खरा उपयोग काय, तर सुरुवातीला पेट्रोल वर चढवायचं. पण या सगळ्या रस्त्यात हाताला कळेल अशी जागा ती एकच आहे, म्हणून काका तिथून सुरुवात करतात. आता मीपण. इंजिन बंद पडल्यावर (लाल दोरीची किल स्विचची क्लिप जागेवर आहे ना, हे बघून झाल्यावर. हसू नका, त्या क्लिपपायी मेकॅनिक बोलावलेले लोक मला माहीत आहेत) बल्बला हात लावा.

चपटा आहे? मग अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, किंवा कुणाच्या पायाखाली, कुलरखाली दबलेला पाइप. इंजिन उघडायची गरजच नाही. इथे वाचलेला अर्धा तास महत्त्वाचा.

मऊ आहे आणि कितीही दाबला तरी कडक होत नाही? मग एकतर टाकी रिकामी आहे, नाहीतर कुठून तरी हवा ओढली जातेय. क्लॅम्प सैल, कनेक्टरमधली ओ-रिंग झिजलेली, पाइपाला चीर. हवेची गळती फसवी असते, कारण तिथून पेट्रोल बाहेर येईलच असं नाही. कधी बल्बच्या आतला व्हॉल्व्हच गेलेला असतो. बल्बवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा, आणि दाबताना बाण आकाशाकडे करून दाबा, व्हॉल्व्ह नीट बसतात. आणि दाबताना इंजिनाखाली पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसायला लागला तर थांबा. कार्ब्युरेटरमधली सुई अडकलीय आणि पेट्रोल उतू जातंय. तेव्हा दोरी नाही, काडीपेटी नाही, काही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साठून राहते.

कडक आहे, दगडासारखा? मग पेट्रोल तिथवर पोचलंय, पुढे बघा. पण आधी कनेक्टर काढून परत खटकन बसवा. तो अर्धवट बसला तर आतली झडप उघडत नाही आणि बल्ब पहिल्या दाबातच कडक लागतो. त्यानंतर इंजिनातला फिल्टर, मग कार्ब्युरेटर. आणि तेही ठीक असेल तर कदाचित तुमचा प्रश्न पेट्रोलचा नाहीच.

एक सांगून ठेवतो, इंजिन चालू असताना बल्ब थोडा मऊ लागणं चालतं. परवा एकाने त्यासाठी नवा बल्ब आणला.

हे सगळं सोपं वाटतं. मलाही संगमानंतर वाटलं की आपल्याला कळलं. मग गेल्या वर्षीचा सीझन आला.

आमचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक. ऐन नाताळच्या गर्दीत त्याने नवीन नाटक सुरू केलं. किनाऱ्याजवळ हळू चालवलं तर लोण्यासारखं. बाहेर जाऊन पूर्ण थ्रॉटल दिला की दहा मिनिटांनी दम जायचा. थ्रॉटल कमी केला की परत सावरायचं. स्क्रू उघडा, पेट्रोल ताजं. मेकॅनिककडे नेलं. त्याने प्लग बदलले. दोन दिवसांनी परत तेच. कार्ब्युरेटर साफ केला. परत तेच. पुन्हा साफ केला. प्रत्येक वेळी किनाऱ्यावर ड्रममध्ये लावून बघायचा आणि तिथे ते झकास चालायचं. त्याची चूक म्हणत नाही मी. आजार फक्त जोरात पळताना दिसतो आणि आम्ही त्याला झोपवून तपासत होतो. पण सीझनचे दिवस गेले, ट्रिपा गेल्या, आणि घरात काका काही बोलेनात, ते तर त्याहून वाईट.

आणि एक धोका मला तेव्हा नीट कळलेला नव्हता. आमच्या टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. २५ लिटरला अर्धा लिटर, म्हणजे ५०ला १. पेट्रोल कमी पोचतंय याचा अर्थ ऑइलही कमी पोचतंय, आणि ते पूर्ण वेगात, इंजिन सगळ्यात तापलेलं असताना. असंच रेटत राहिलं तर पिस्टन जाम होतो. दम गेला की थ्रॉटल आणखी पिरगळायचा, हा जो आपला हात करतो ना, तो सगळ्यात महागडा उपाय आहे.

शेवटी काकांनी चुलत भावाला होडीत घेतलं, पर्यटक नाहीत, फक्त आम्ही तिघं. मी चालवायला, भाऊ बल्बकडे बघायला. बाहेर गेलो, दहा मिनिटं पळवलं, दम जायला लागला आणि भाऊ ओरडला, “आत जाता, आत जाता!” बल्ब अर्धा चपटा होत होता. काकांनी लगेच टाकीचं झाकणच पूर्ण उघडलं. काही फरक नाही. म्हणजे हवेचा प्रश्न नाही. भावाने बल्ब हाताने दाबत ठेवला तसं इंजिन परत उचललं. म्हणजे पुढचं सगळं ठीक. राहिलं काय? टाकी आणि बल्ब यांच्यामधला तुकडा. टाकीतली जाळी काढली, ती स्वच्छ. शेजारच्या होडीतून टाकी आणि पाइप मागून आणला, जोडला, अर्धा तास पूर्ण वेगात पळवलं. काही नाही झालं. मग टाकी आमची ठेवली आणि फक्त पाइप त्यांचा लावला. तरीही ठीक.

पाइप बाहेरून नव्यासारखा होता. काकांनी सुरीने उभा चिरला. आतला थर सुटून लोंबत होता, उकडलेल्या अंड्याचा पापुद्रा सुटतो तसा. पेट्रोल हळू वाहताना तो बाजूला राहायचा, जोरात ओढलं की आत खेचला जाऊन रस्ता बंद करायचा. वीतभर पाइपासाठी प्लग बदलले आणि दोनदा कार्ब्युरेटर उघडला. म्हणून सांगतो, शंका असेल तेव्हा आधी दुसऱ्याची टाकी-पाइप उसना आणून लावा. एका फेरीत कळतं, दोष होडीत आहे की इंजिनात.

तो थर का सुटला? पाइप जुना होता हे एक. पेट्रोलमधलं इथेनॉल हे दुसरं कारण असू शकतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला सुरुवात झाली आणि आता पंपावर तेच मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. तुमची पुस्तिका उघडून बघा. पाइप घेताना इथेनॉलला चालणारा मागा, बाग शिंपायचा पारदर्शक पाइप तर कधीच लावू नका.

इथेनॉल पाणी धरतं हा दुसरा त्रास. पेट्रोलमध्ये पाणी वाढत गेलं की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकवाल्यांनो, त्या तळातल्या पाण्यात तुमचं ऑइल नसतं, ते वर पेट्रोलबरोबर राहिलेलं असतं. तपासायचं सोपं आहे. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पेट्रोलला चालेल अशा पारदर्शक बाटलीत काढा, सावलीत ठेवा आणि बघा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते पेट्रोल होडीत नको. गाळून पुन्हा वापरायचा मोह होतो, मला माहितीये.

हे पाणी आपणच आत घेतो. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतो, टाकी अर्धी भरलेली, स्क्रू उघडा. म्हणजे स्क्रूचं असं आहे, चालताना उघडा, ठेवताना बंद. बंद टाकी उन्हात फुगते, म्हणून ठेवताना पाइपही काढून ठेवा, नाहीतर ती आपल्या दाबाने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ढकलते. होडी वर घेण्याआधी शेवटच्या दिवशी इंजिनाला पाण्याची सोय ठेवून चालू करा, कनेक्टर काढा आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हे केलं नाही की सप्टेंबरमध्ये कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट गोंद सापडतो. आणि तो जेट तारेने टोकरू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत, बस्स.

त्या चिरलेल्या पाइपाचा तुकडा अजून माझ्या टूल बॉक्समध्ये आहे, फोटो या भागाबरोबर टाकतोय. त्याच बॉक्समध्ये आता बल्बसकट एक जादा पाइप, दोन क्लॅम्प, ओ-रिंग आणि एक फिल्टर असतो. तुम्ही मला व्हिडिओ पाठवणार असाल तर कृपा करून इंजिनाचा नको, इंजिन पळत असताना बल्बचा पाठवा. आणि तो काढायला दुसरा माणूस बसवा, चालवणाऱ्याने मोबाइल धरायचा नाही.

चला, भरती लागलीय आणि आजची मंडळी किनाऱ्यावर येऊन उभी राहिलीत. हो, स्क्रू उघडलाय. बघितला मी.