बालकाचे अंकज्ञान : पारख आणि जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पुसेगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माल तोलण्यापूर्वी तराजूचा पासंग पाहण्याची व्यापारात जुनी रीत आहे. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर येत नसेल, तर हलक्या पारड्याला लहानसा खडा बांधून तो मध्यावर आणावा लागतो. हे न करता तोललेला माल कमी भरला, तर दोष मालाचा नसतो, काट्याचा असतो. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला किती गणित कळते हे पाहण्याच्या कामीही हीच सावधगिरी हवी. ज्या बालकाचे पाहणे, ऐकणे, बोलणे, हातापायांची हालचाल किंवा समजण्याची गती इतरांहून वेगळी आहे, त्याच्या बाबतीत तर ती फारच हवी. चौथ्या वर्षी ‘याला काही येत नाही’ असा शिक्का बसला, की घर, शाळा आणि गाव त्या बालकाकडून अपेक्षा ठेवण्याचे थांबवतात. आणि ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्याला शिकवण्याचे कष्टही कोणी घेत नाही. आजचा विषय म्हणूनच केवळ शिक्षकांचा नाही, तो साऱ्या गावाचा आहे.

मराठी मुलखाला अंकांच्या पाठांतराची थोर परंपरा आहे. उजळणी, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी यांच्या बळावर कित्येक पिढ्यांनी कागद-पेन्सिलीवाचून तोंडी हिशेब केले. त्या परंपरेचा अभिमान योग्यच आहे. तथापि तिच्यामुळे एक गैरसमजही रूढ झाला. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत अंक म्हणून दाखवणारे मूल हुशार आणि न म्हणणारे ते मागे पडलेले, असे मानले जाऊ लागले. वस्तुतः अंक म्हणणे ही एक गोष्ट आणि संख्या कळणे ही दुसरी गोष्ट आहे.

हा भेद रॉशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या अमेरिकेतील अभ्यासकांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे मांडला. त्यांच्या मते मोजण्याच्या क्रियेत पाच तत्त्वे सामावलेली असतात. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यावा. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवावा. शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण वस्तूंची संख्या. मोजण्याजोगे काहीही याच रीतीने मोजता येते. आणि सुरुवात कोठूनही केली तरी बेरीज बदलत नाही. यांतील तिसरे तत्त्व कळले की नाही हे पाहण्याची कसोटी अगदी साधी आहे. वाटीभर चिंचोके बालकापुढे ठेवून ‘मला चार दे’ असे म्हणायचे. दहापर्यंत बिनचूक म्हणणारे बालकही अनेकदा मूठभर चिंचोके काढून देते. कॅरेन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून ही कसोटी जगभर वापरली जात आहे. तिच्यावरून असे दिसले, की बालकाला प्रथम ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. आणि त्यानंतर केव्हातरी मोजण्याचे मर्मच त्याच्या ध्यानात येते. ही वाट सर्वच मुले चालतात, कोणी लवकर तर कोणी सावकाश.

आपल्या भाषेचाही यात एक पासंग आहे. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ म्हणतात. मराठीत अकरा, बारा, तेरा ही स्वतंत्र नावे पाठ करावी लागतात. ‘एकोणीस’ या शब्दात तर वीसला एक उणा, अशी वजाबाकीच दडलेली आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना वीसचे दोन आधी येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे वाचन पर्याय म्हणून देण्यात आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांना या नावांमुळे आणि त्यांतील जोडाक्षरांमुळे येणारी अडचण त्या वेळी समजावून सांगितली होती. त्या वादात कोणाचे बरोबर हा प्रश्न येथे नाही. पारख करणाऱ्याने एवढे मात्र ध्यानात घ्यावे, की ‘एकोणीस’ न म्हणता येणे ही पुष्कळदा भाषेची अडचण असते, संख्येची नव्हे. बालवाडीच्या वयात दहाच्या आतील वस्तूंचीच पारख पुरेशी आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात भाषेचा आणखी एक पदर आहे. येथील तांड्यांवरील मुले घरी गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी उर्दू चालते. अशा बालकाला शुद्ध मराठीत ‘अधिक कोठे, उणे कोठे’ असे विचारले, तर ते गप्प राहील. आई किंवा थोरली बहीण जवळ बसवून तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारला, म्हणजे खरे उत्तर मिळते. हंगामी कामासाठी आईवडिलांबरोबर परगावी राहून आलेल्या मुलाचे अंगणवाडीतील खाडेही त्याच्या बुद्धीच्या खाती मांडू नयेत.

आता वेगळ्या गरजा असलेल्या बालकांचा विचार करू. ज्या बालकाला ऐकू येत नाही, त्याच्यासमोर तोंड करून बसावे, दोन वेळा स्वतः करून दाखवावे आणि बोटांनी उत्तर स्वीकारावे. ताईने तीन बोटे दाखवली आणि बालकाने तीन चिंचोके उचलून दिले, तर त्याला तीन कळतात. उच्चाराची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या बालकाला दिसत नाही, त्याला काठ असलेल्या ताटात वस्तू द्याव्यात, म्हणजे त्या घरंगळत नाहीत. प्रथम दोन्ही हातांनी संपूर्ण ताट चाचपू द्यावे. मोजलेली वस्तू दुसऱ्या वाटीत टाकण्याची सवय लावावी. डोळस मूल मोजलेल्या वस्तूंवर नजर ठेवते, हे बालक त्या वाटीवर विसंबते. वेळ अधिक लागेल, तो द्यावा.

मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे हात आणि वाचा वश नाहीत, त्या बालकाविषयी सर्वांत अधिक अन्याय होतो. बोलता येत नाही आणि वस्तू उचलता येत नाही, म्हणून त्याला काहीच कळत नाही असे धरले जाते. त्याच्यासाठी ताईने स्वतः एकेका वस्तूला हात लावून मोजावे आणि मध्येच मुद्दाम एक वस्तू दोनदा मोजावी. बालकाचा चेहरा, हसू किंवा मानेची हालचाल सांगून जाते, की चूक त्याने पकडली. दोन ताटल्यांत तीन आणि पाच शेंगदाणे ठेवून ‘पाच कोठे?’ असे विचारले, तर नजरेनेही उत्तर देता येते. केवळ एका वेळच्या नजरेवर विसंबू नये. ताटल्यांच्या जागा बदलून चार-पाच वेळा विचारावे.

स्वमग्न बालकांत याच्या उलट प्रकार आढळू शकतो. एखादे बालक शंभरपर्यंत अस्खलित म्हणते, पण तीन वाट्या आण म्हटले तर आणत नाही. दुसरे एक प्रश्नाकडे पाहतही नाही, पण बांगड्या लहान-मोठ्या क्रमाने अचूक लावते. पहिल्याचे ज्ञान जास्त मोजले जाते, दुसऱ्याचे कमी. शांत कोपरा, ठरलेला क्रम, ओळखीच्या वस्तू आणि प्रश्नाऐवजी कृतीचे निरीक्षण हे येथे उपयोगी पडतात. ज्याची समजण्याची गती मंद आहे, त्याच्यासाठी पाचऐवजी दोन वस्तू घ्याव्यात, तेच काम वेगवेगळ्या दिवशी पाहावे आणि बालकाला किती मदत लागली तेही लिहावे. स्वतः केले, खुणेने केले, सांगितल्यावर केले, हात धरून केले, अशा चार पायऱ्या पुरेत. या महिन्यात हात धरून जमलेले पुढच्या महिन्यात खुणेने जमले, तर ती प्रगती आहे. ‘येते’ आणि ‘येत नाही’ या दोनच रकान्यांत ती कधीच दिसली नसती.

मोजणे हे गणिताचे एकच अंग आहे. कमी-जास्त ओळखणे, जोड्या लावणे, रंग-आकारांनुसार वेगळे करणे, लांबीच्या क्रमाने मांडणे, लाल-पिवळा-लाल-पिवळा असा नमुना पुढे नेणे, आत-बाहेर आणि वर-खाली कळणे, दोन-तीन वस्तू न मोजताच ओळखणे, झाकलेल्या दोहोंत एक घातला तर किती हे सांगणे, ही सर्व त्याच गणिताची पाळेमुळे आहेत. एका अंगात मागे असलेले बालक दुसऱ्यात पुढे असू शकते. पारखीचा कागद असा असावा, की त्यात बालकाची जमेची बाजूही दिसेल.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. मारिया माँटेसरी यांनी आपल्या कार्याचा आरंभ रोममधील मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांपासून केला आणि १९०७ मध्ये ‘बालगृह’ उघडून तीच साधने सर्वसाधारण मुलांपर्यंत नेली. जे वेगळ्या गरजांच्या बालकासाठी तयार झाले, ते सर्वांच्याच उपयोगी पडले. पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे ही महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने यांच्या आधारे बालशिक्षण उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना रुजली. पारखीनेही तसेच बालकाच्या अंगणात जावे.

कायद्याचे आणि शासनाचे पाठबळ आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी अपेक्षित आहे. अंकज्ञानाविषयी मत बनवण्यापूर्वी बालकाचे डोळे आणि कान तपासले गेले आहेत का, हे त्या पथकाला प्रत्येक पालकाने विचारावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. गणित शिकण्यातील विशिष्ट अक्षमताही त्यात येते. तथापि अशा अध्ययन अक्षमतेच्या चाळणीसाठी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे, यांतील आधी येईल ती वेळ सांगितली होती. चार वर्षांच्या बालकाला असे नाव चिकटवणे शास्त्राला धरून नाही. मदत मात्र त्याच दिवसापासून सुरू करता येते. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात परीक्षेऐवजी निरीक्षणावर भर दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती प्रसिद्ध केली. लक्षणे वेळीच ओळखणे, कुटुंबाला बळ देणे आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पुढील उपचारांपर्यंत पोहोचवणे, असे तिचे सूत्र आहे.

कागदावरील ही व्यवस्था गावात उतरवायला फार पैसा लागत नाही. प्रत्येक अंगणवाडीसाठी एक कापडी पिशवी शिवावी. तिच्यात वीस चिंचोके, दोन वाट्या, काठाचे एक ताट, लहान-मोठ्या बांगड्या आणि कापड दुकानातील कातरणातून काढलेल्या तीन लांबीच्या, निरनिराळ्या पोताच्या पट्ट्या असाव्यात. खरखरीत आणि मऊ पोत हाताला कळतो, म्हणून त्या न दिसणाऱ्या बालकालाही चालतात. सोबत एक वही असावी. दर महिन्याला प्रत्येक बालकाची एकेक ओळ लिहावी. लहान वस्तू तोंडात घालणाऱ्या बालकाजवळ मोठ्या माणसाने सतत बसावे, चिंचोक्यांऐवजी मोठे ठोकळे घ्यावेत.

त्या वहीचे स्वरूप कसे असावे, हे व्यापारी मंडळींना वेगळे सांगायला नको. नव्या वर्षाच्या खतावणीत पहिली ओळ आरंभीच्या शिलकेची असते. ती ओळ म्हणजे निकाल नव्हे. व्यवहार कोठून सुरू करायचा, ते ती दाखवते. ‘दोनपर्यंत देतो, तीनला गोंधळतो’ ही नोंद अशीच आरंभीची शिल्लक आहे. उद्या तिघांसाठी तीन वाट्या मांडण्याचे काम त्या बालकाला द्यावे, असा तिचा अर्थ. ज्या नोंदीवरून उद्याचे काम ठरत नाही, ती करण्यात ताईंचा वेळ घालवू नये.

आणखी एक सूचना कापडाच्या व्यवहारातून सुचण्यासारखी आहे. ताणून मोजलेले कापड मापात भरते आणि पहिल्या धुण्यात आखडते. सैल धरून, सुरकुत्या काढून, मगच मीटर लावावा. भीती दाखवून, आमिष देऊन किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करून काढलेले बालकाचे उत्तरही असेच ताणलेले असते. ते खेळात असताना, पोट भरलेले असताना, ओळखीच्या माणसाजवळ असताना जे करून दाखवते, तेच त्याचे खरे माप.

उपस्थित पालकांना अखेरची विनंती. आपल्या बालकाविषयी कोणी ‘याला गणित येत नाही’ असे म्हणाले, तर रागावू नये आणि खचूनही जाऊ नये. शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात : काय विचारले होते, कसे विचारले होते, आणि उत्तर देण्याची कोणती वाट त्याला मोकळी होती? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळेपर्यंत तो निर्णय मान्य करू नये. आणि ती मिळाल्यावर, जेथे बालक उभे आहे तेथून पुढचे पाऊल कोणते, एवढेच विचारून कामाला लागावे. पुसेगाव परिसरातील एकही बालक चुकीच्या काट्यावर तोलले जाऊ नये, ही जबाबदारी आपण सर्वांनी मिळून स्वीकारावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.