‘ऑरेंज’ ह्या विशेषणाची झडती



इंग्रजी मी कॉलेजात शिकलो नाही. करारांचे मसुदे आणि नोटिसा वाचता वाचता शिकलो. त्यामुळे इंग्रजी शब्द दिसला की हा कोणाच्या बाजूचा, हीच शंका आधी येते.

‘ऑरेंज’ हा शब्द मुळात आपल्याकडचा. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचला. इटली-फ्रान्सकडे आरंभीचा ‘न’ गळाला आणि इंग्लंडात उतरला तो ‘ऑरेंज’. तिथे तो आधी फळाचेच नाव होता. रंगाचा अर्थ सोळाव्या शतकात चिकटला. तोवर इंग्रज ‘पिवळा-तांबडा’ किंवा नुसता ‘तांबडा’ म्हणून भागवीत. म्हणून नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्याला ते अजून ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात! आपल्याकडे केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी. प्रत्येकाचा मान वेगळा. सरबताला भगवे म्हणून पाहा, लोक हसतील.

खरी मेख चवीच्या अर्थात आहे. ‘ऑरेंज ज्यूस’ म्हणजे फळाचा रस. ‘ऑरेंज फ्लेवर्ड ड्रिंक’ म्हणजे पाणी, साखर, वास आणि रंग. फळ असेलच असे नाही. ‘ऑरेंज’ दोन्हीकडे तोच, पण हमी देतो तो पुढचा शब्द. विशेषण लालूच दाखवते आणि नाम अंग काढून घेते. (कामगाराच्या बाबतीत उलटे असते. ‘वर्कर’ हे नाम हक्क देते आणि आधी लावलेले ‘टेंपररी’ ते काढून घेते.) ही लबाडी कायद्यालाही ठाऊक होती. १९५५ च्या फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डरप्रमाणे २५ टक्के फळाचा रस नसलेल्या पेयाला फळाचे सरबत म्हणता येत नसे. ‘सिंथेटिक’ म्हणावे लागे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्या हुकमाची जागा घेतली.

रंगाचेही तसेच. तो पुष्कळदा ‘सनसेट यलो’ नावाच्या कृत्रिम रंगाचा असतो. बाटलीच्या पाठीवर ११० हा आकडा शोधा. युरोपात २०१० पासून हा रंग घातलेल्या खाद्यपदार्थावर, मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो.

आमच्या एका कारखान्यात उन्हाळ्यात भट्टीवरच्या माणसांना ‘ऑरेंज’ द्यावे, असे कॅन्टीनच्या कंत्राटात होते. आले ते रंगीत पाणी. आम्ही कागद पुढे केला, तर कंत्राटदार म्हणाला, “ऑरेंज लिहिलंय, ऑरेंज दिलंय. फळ कुठं लिहिलंय?” कागदापुरते त्याचे बरोबर होते. पुढच्या वर्षी कॅन्टीन कमिटीत आम्ही ते कलमच बदलून घेतले: ताज्या लिंबाचे सरबत, मीठ घालून, दर पाळीला दोन पेले, आणि लिंबे कामगार प्रतिनिधीसमोर कापायची.