दुपारी एक ते चार

(दूरसंचार सेवेतून स्वेच्छानिवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निमंत्रण घेऊन आलेल्या मित्रांनी विषय सांगितला, ‘निवृत्तीनंतरचे सुखी जीवन’. मी म्हणालो, या विषयावर अधिकाराने बोलणारी व्यक्ती माझ्या घरात आहे, पण ती मी नव्हे. त्यांनी तो माझा विनय समजला आणि पत्रिका छापून टाकली. तेव्हा जे बोलेन ते अनुभवाचे बोलेन. त्यात सुख किती निघते ते आपणच पाहावे.

आपल्यापैकी बहुतेक जण ३१ जानेवारी २०२० रोजी कार्यालयाची पायरी उतरलात. त्या एका दिवशी भारत संचार निगममधून देशभरात ७८ हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. एकूण मनुष्यबळाच्या जवळजवळ निम्मी. अट पन्नाशी पूर्ण असण्याची होती. म्हणजे हातपाय धड, डोके ठिकाणावर, मुलांची शिक्षणे काहींची अर्धवट, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता जायला ठिकाण नाही. निरोपाचे हार सुकतात न सुकतात तोच, आठ आठवड्यांच्या आत, टाळेबंदी आली आणि सारा देशच घरी बसला. मला वाटते, आपल्या पिढीच्या निवृत्तांची ही एक विचित्र सोय झाली. एकट्यालाच घरी बसावे लागते हे दुःख त्या काळात झाकले गेले. शेजारीपाजारी पुन्हा डबे घेऊन निघाले तेव्हा ते उघडे पडले.

स्वेच्छानिवृत्तीशी माझा परिचय त्याहून जुना आहे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी ही योजना आणली तेव्हा मी तरुण वार्ताहर होतो. प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेमागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांतील जी रक्कम कमी ती, असा तो हिशेब होता. सुमारे एक लाख माणसांनी नोकरी सोडली. मी त्यांच्यावर मोठ्या उत्साहाने लेख लिहिले. मथळ्यांत ‘दुसरी इनिंग’, ‘नवी पहाट’ असले शब्द घातले. नंतर त्यांच्यातल्याच एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, “पहाट लिहिलीत, दुपारचं काय?” मी हसून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला वीस वर्षे लागली.

पैशांविषयी मी थोडेच बोलणार आहे. बँकेतल्या त्या मंडळींना ठेवीवर नऊ-दहा टक्के व्याज दिसत होते. ते २००३-०४ पर्यंत साडेपाचच्या आसपास उतरले आणि अनेकांची घडी विसकटली. हिशेब आजच्या व्याजावर नव्हे, पडलेल्या व्याजावर मांडावा, एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे. आपल्या ओळखीत कोणी आता बाहेर पडत असेल तर त्याला हेही सांगावे की २००४ पासूनची ज्येष्ठ नागरिक बचत योजना मुदतीआधी निवृत्त होणाऱ्याला साठीपूर्वीच, पंचावन्नाव्या वर्षापासून खुली आहे. मात्र निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते गुंतवावे लागतात. असो.

२०२१ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, माझ्यावर तीच वेळ आली. आवृत्त्या एकत्र होत होत्या, टेबले कमी होत होती. वृत्तपत्राचे नाव घेण्याचे कारण नाही. आकडा दाखवला गेला, मी सही केली. पहिल्या सोमवारी मी वहीत घरातील कामांची यादी केली. एकेचाळीस कामे निघाली. गळके नळ, कुरकुरणारी दारे, माळा, फोटोंच्या पेट्या, गच्चीवरील बाग. बातमीदाराच्या शिस्तीने मी एकेका कामावर तुटून पडलो. नळाचा वायसर बदलणे जमले आणि माझा आत्मविश्वास नको इतका वाढला. पंधराव्या दिवशी खुंटी ठोकण्यासाठी भिंतीत ड्रिल घातले ते थेट आतल्या पाइपात. वरच्या टाकीचा कॉक गंजून बसला होता. पाणी तीन तास वाहत होते. प्लंबर आला, त्याने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि सौ.ला विचारले, “साहेब रिटायर झाले का?”

त्यावर मी माझा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. डबे अक्षरक्रमाने लावले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीचा डबा अर्थातच सर्वांत शेवटी गेला, वरच्या फळीवर, जिथे सौ.चा हात पोहोचत नाही. ती काही बोलली नाही. चिठ्ठ्या तशाच राहिल्या, डबे मात्र दोन दिवसांत आपापल्या जागी परत गेले. ‘मुगाची डाळ’ लिहिलेल्या डब्यात आजही साबुदाणा आहे.

ती बोलली ती पुढे, पावसाळ्यातल्या एका दुपारी. मी दीड वाजता चहा मागितला होता आणि तो येईपर्यंत बाहेरच्या खोलीत खिळे ठोकत होतो. ती दारात उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, “अहो, अठ्ठावीस वर्षं दुपारी एक ते चार हे घर माझं होतं. या वेळेत मी रेडिओ ऐकायचे, पाठ टेकायचे, चारच्या शिकवणीचं संस्कृत वाचून ठेवायचे. तुमची नोकरी गेली याचं मला वाईट वाटतं. पण माझी दुपार तुम्ही न विचारता घेतलीत.”

मी हादरलो. कारण ते खरे होते. नोकरीत असताना मी या घरात सकाळी दोन तास आणि रात्री जेवणापुरता असे. उरलेल्या दिवसाला एक घडी होती, एक व्यवस्था होती, तिची एक स्वामिनी होती. मी मात्र सुट्टीवर आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याप्रमाणे तपासणी करीत हिंडत होतो. आपण बाहेरच्या जगातून निवृत्त होतो हे खरे, परंतु घरात आपण नव्याने भरती होतो. नव्या भरतीच्या माणसाने पहिल्या दिवशी फायली उलथ्यापालथ्या करायच्या नसतात, हे कचेरीत प्रत्येकाला ठाऊक असते. घरी आल्यावर मात्र आपण ते विसरतो.

अशा मेळाव्यांत वानप्रस्थाश्रमाचा उल्लेख होतोच. मनुस्मृतीत म्हटले आहे की गृहस्थाने अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मुलाच्या घरी मूल पाहिले की वनाकडे वळावे, पत्नीला मुलांकडे सोपवून किंवा तिच्यासह. वक्ते येथेच थांबतात. परंतु पुढेच असेही सांगितले आहे की वनात गेल्यावरही रोजचे पाच महायज्ञ चालू ठेवायचे. म्हणजे ती सुट्टी नाही. कामाचे ठिकाण बदलते, नित्यकर्म सुटत नाही. हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, “तुम्ही वनात गेला असतात तर प्रश्न नव्हता, तुम्ही स्वयंपाकघरात आलात.”

दुसरे उदाहरण नानाजी देशमुखांचे दिले जाते. १९७८ साली, साठी उलटताच, ते सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले आणि पुढे गोंडा व चित्रकूट येथे ग्रामविकासात रमले. त्या उंचीपुढे मी नतमस्तक आहे. पण खरे सांगतो, सोमवारी सकाळी साडेदहाला, काढून ठेवलेल्या घड्याळाकडे पाहत बसलेल्या सामान्य माणसाला चित्रकूट फार दूर असते. त्याला जवळचे काहीतरी लागते.

मला ते माळ्यावर सापडले. वडिलांची सागवानी खुर्ची, बैठक फाटून लोंबणारी. पूर्वी कचेऱ्यांतून, वाचनालयांतून अशा वेताच्या खुर्च्या सर्रास असत आणि त्या विणण्याचे काम पुष्कळदा अंध कारागीर करीत. गावात असे एक मास्तर अजून आहेत असे कळले. मी त्यांच्याकडे खुर्ची विणून घ्यायला गेलो आणि बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, “शिकायचंय का?”

जुना वेत कापून काढायचा. चौकटीच्या कडेची भोके सळईने मोकळी करायची. नव्या पट्ट्या पाव तास पाण्यात भिजवायच्या, चकचकीत बाजू वर ठेवून ओवायच्या आणि सुटू नयेत म्हणून भोकांत लाकडी खुंट्या मारायच्या. आधी पुढून मागे, मग आडवे, पुन्हा पुढून मागे, मग चौथा फेरा आडवा, पण खालीवर गुंफत. त्यानंतर दोन तिरके फेरे, दोन दिशांनी, आणि शेवटी कडेची पट्टी. माझा पहिला प्रयत्न मी अभिमानाने तबल्यासारखा ताणून बसवला. मास्तरांनी त्यावरून बोटे फिरवली आणि सगळे उसवायला लावले. वेत ओला असतो, वाळताना आक्रसतो. पुढचे फेरे गुंफतानाही ताण वाढत जातो. आधीच ताणून ठेवलेला वेत पुढे तुटतो. पहिले फेरे ढिलेच हवेत. मी डोळ्यांनी पाहत होतो आणि मला दिसले नव्हते. त्यांना बोटांनी कळले.

माझी पहिली खुर्ची अकरा दिवसांत झाली. त्यांना दीड दिवस लागतो.

मग माझ्यातला समाजसेवक जागा झाला. गावच्या वाचनालयात तशा तीसेक खुर्च्या अडगळीत पडल्या होत्या. मी जाहीर केले की त्या सर्व मी विनामूल्य विणून देईन. कार्यवाहांनी आनंदाने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ठरवले. मी ही वार्ता मास्तरांना सांगितली. ते बराच वेळ पट्टी ओढत राहिले. नंतर म्हणाले, “चांगलं आहे. ते काम मला मिळेल असं वाटलं होतं.”

बंधूंनो, त्या वाक्याने मला जितके शरमिंदे केले तितके त्या फुटलेल्या पाइपानेही केले नव्हते. मला निवृत्तिवेतन आहे, भरपाईची ठेव आहे. वेळ घालवण्यासाठी मी जे फुकट करीत होतो त्यावर एका माणसाची चूल पेटते. आपण निवृत्त मंडळी फुकट शिकवण्या घेतो, फुकट हिशेब लिहून देतो, फुकट दुरुस्त्या करतो आणि त्याला सेवा म्हणतो. ती अनेकदा सेवा असतेही. परंतु त्या कामावर कोणाचे पोट आहे का, हे विचारण्याची सवय मला तरी नव्हती.

आम्ही वेगळी वाटणी केली. विणकाम मास्तरांचे, वाचनालयाने त्यांना रीतसर मजुरी द्यायची. खुर्च्या आणणे-पोहोचवणे, सांधे आवळणे, जुने पॉलिश खरवडणे हे माझे. ८० नंबरचा कागद, मग १२०, मग २२०. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख मलमलीच्या बोळ्याने. पावसाळ्यात पॉलिश करू नये, दमट हवेने लाख पांढुरकी पडते. हा शोधही मी एक खुर्ची बिघडवून लावला. सत्कार राहिला तो राहिलाच. त्याऐवजी दर मंगळवारी मास्तर माझी वाट पाहतात आणि मला उशीर झाला तर रागावतात. कार्यालय सुटल्यापासून माझ्यावर कोणी रागावले नव्हते.

घरातही थोडी वाटणी झाली. ‘मदत’ हा शब्द सौ.ने बाद केला. बुधवार आणि शनिवारचे रात्रीचे जेवण पूर्णपणे माझे. भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. काय करू, असे तिला विचारायचे नाही. पहिल्या महिन्यात आम्ही पुष्कळ खिचडी खाल्ली. ती यादीची वही अजून आहे, एकेचाळीसपैकी एकोणीस कामे बाकी आहेत आणि गच्चीवरील बागेला अद्याप सुरुवातही झालेली नाही.

वाचनालयाच्या बारा खुर्च्या अजून माझ्या ओसरीवर आहेत. खरवडायला हात कमी पडतात. आपल्यापैकी कोणाला यायचे असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाला यावे, जुना सदरा घालून. एकच्या आत मात्र आपण सर्व जण तेथून उठू.