टोकाशी साचलेले पाणी



अठवा आणि अडाजण यांना जोडणारा तापीवरचा केबल पूल २०१८ मध्ये खुला झाला. तिथे फिरायला गेलेला सुरतकर मान वर करून तिरप्या केबल बघतो, फोटो काढतो. केबल पुलाच्या अंगात जिथे शिरते तिथे सहसा कोणी वाकून बघत नाही. आजच्या भाषणाचा विषय नेमकी तीच जागा आहे. रेलिंगचा किंवा शिडाच्या नौकेचा स्टेनलेस तारांचा दोर जिथे संपतो आणि खांब किंवा डोलकाठी सुरू होते, तिथल्या त्या बोटभर तुकड्याला कारागीर टर्मिनल म्हणतात.

याच राज्यात ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटला आणि १३५ माणसे गेली. विशेष तपास पथकाला आढळले, की एका मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या आणि दुरुस्तीत जुन्या लोंबत्या सळ्यांना नव्या सळ्या वेल्ड केल्या होत्या. तो दोर स्टेनलेस नव्हता. पण गंज आणि जोड या दोन्ही गोष्टी रेलिंगवाल्यालाही तितक्याच लागू आहेत.

स्टेनलेस गंजत नाही, हा समज गिऱ्हाइकाचा असतोच. अनेकदा कारागिराचाही असतो. या पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. ओरखडा गेला तर हवेतला प्राणवायू तो थर पुन्हा भरून काढतो. टर्मिनलच्या तोंडाशी मात्र खारट पाणी तारांमधून आत उतरते आणि तिथेच राहते. प्राणवायू संपतो, थर भरून येत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारी तार आतून झिजत जाते.

म्हणून डुमस किंवा हजीराच्या खाऱ्या वाऱ्यात ३१६ ग्रेडच हवा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाला टक्कर देते ते तेच. ३०४ मध्ये ते नाही. २०२ मध्ये तर निकेलही कमी करून मँगनीज भरलेले असते, आणि बाजारात रेलिंगसाठी स्वस्त माल म्हणून तोच खपतो. लोहचुंबक लावून ग्रेड ओळखण्याची सवय सोडावी: २०२, ३०४, ३१६ या तिघांनाही तो जवळजवळ चिकटत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारी थेंबाची चाचणी करावी, हीट नंबर, म्हणजे त्या वितळणीचा क्रमांक, असलेले प्रमाणपत्र मागावे. दोर ३१६ चा आणि टर्मिनलची पिन ३०४ ची, ही काटकसर तर मुळीच नको.

टर्मिनल दोन प्रकारांनी बसते. स्वेजमध्ये नळी तारेवर चढवून यंत्राने दाबतात. ती सुबक दिसते, पण एकदा दाबली की उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात तारांच्या पिळात शंकू बसवून वरून टोपण आवळतात. दोर जितका ओढला जाईल तितकी पकड घट्ट. हे टर्मिनल उघडून आत बघता येते, सीलंट भरता येते, दोर बदलून बहुतेक भाग पुन्हा वापरता येतात. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत भर समुद्रात स्वेजचे यंत्र कुठून येणार? साध्या पान्यांनी बसणारे टर्मिनल सोबत असले, तर तुटलेल्या तारेला पुन्हा टोक देता येते.

रेलिंगला एवढी गरज नसते. नीट दाबलेले स्वेज तिथे पुरते. ताठ राहणारी १×१९ तार, म्हणजे १९ तारांचा एकच पीळ, घ्यावी. ७×१९ मध्ये १३३ बारीक तारा असतात, ती पुलीवरून वळणाऱ्या दोरासाठी बरी. खरी चूक खांबात होते. प्रत्येक तारेला १०० किलोचा ताण आणि तारा दहा, म्हणजे टोकाच्या खांबावर एक टनाची ओढ. खांब वाकला की टर्मिनलवर तिरका जोर येतो आणि टर्मिनलच्या मुळाशी तडा जातो. जिन्यावरच्या उतारात तर ताण सरळ रेषेत राहावा म्हणून वळणारे टर्मिनल लागतेच.

आणि पावसाळ्याच्या आधी एकदा गोड्या पाण्याने धुवून कापूस टर्मिनलच्या तोंडाभोवती फिरवावा. तुटलेली तार डोळ्याला दिसत नाही, कापसाचा धागा तिथे अडकतो. तो अडकला, तर तो दोर त्याच दिवशी उतरवावा.