द्राक्षवेलीची भूमी

वडोदऱ्याच्या नागरवाड्यातील मराठी कुटुंबांना माघ-फाल्गुनात बाजारात येणारी नाशिकची द्राक्षे परिचयाची आहेत. परंतु या फळाने गोदावरीच्या खोऱ्यातच आपले बस्तान का बसविले, याचा विचार सहसा होत नाही. त्याचे उत्तर उंची, हवा आणि माती या तिहींत सापडते.

विश्वामित्रीकाठचे वडोदरे समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटर. त्यामुळे तेथील हिवाळी रात्री थंड असतात. निफाडचा पारा तर कधीकधी ५ अंशांखाली उतरतो. दिवसाच्या उन्हाने मण्यांत साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. केवळ साखरेवर केलेले मद्य बेचव होते. त्याला धार येते ती आम्लामुळे. इटलीतील कियांतीचे मळे टेकड्यांवर असल्याने त्यांनाही हाच लाभ होतो.

साम्य मात्र येथेच संपते. कियांतीत हिवाळ्यात वेल पाने गाळून निद्रिस्त होते. नाशिकात तिला ही निद्रा नाही. म्हणून बागाईतदार तिची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या खरड छाटणीने नव्या काड्या येतात व त्यांच्या डोळ्यांत भावी घड आकार घेतो. पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च या काळात घड उतरतात. इटलीत तोडणी उरकते, त्याच सुमारास नाशिकात हंगामाचा आरंभ होतो.

जमीन बेसाल्टच्या झिजेतून बनलेली. भारी काळ्या मातीत पाणी साचले की मुळे गुदमरतात. मुरमाड उतारावर निचरा होतो, मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. खारवट जमिनीत डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतात. या भूमीतील द्राक्षांपासून सुला कंपनीने २००० साली आपले पहिले मद्य बाजारात आणले.

तरीही खरी कसोटी छाटणीच्या तारखेची असते. ती लवकर केल्यास कोवळे घड परतीच्या पावसात सापडतात. उशिरा केल्यास थंडीत मणी फुगत नाहीत आणि पुढे उन्हाने आम्ल घटते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड परिसरात गारा कोसळल्या, तेव्हा वेलीवर वर्षाची मेहनत आणि कर्जाचा पैसा होता. माती पारखता येते, खुंट बदलता येतो. छाटणीचा दिवस मात्र आभाळाकडे पाहूनच ठरवावा लागतो.