पर्जन्यमापक तुंबला तर...

कंधार तालुक्यात कुरुळा, पेठवडज, बारूळ अशा महसूल मंडळांचा पाऊस ‘महावेध’ प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर मोजतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त नोंद झाली, तर अतिवृष्टी धरतात. पीक नुकसानीच्या मदतीच्या हिशेबात ही नोंद महत्त्वाची, म्हणून मापक नीट हवाच.

मापकाच्या नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची छोटी बादली असते. ठरावीक पाणी साचलं की ती कलंडते आणि तेवढा पाऊस नोंदला जातो. नरसाळ्यात पाला किंवा कोळ्याचं जाळं अडकलं, तर भर पावसातही आकडा शून्य! पाणसळ लावून मापक सपाट बसवला नसेल, तरी नोंद चुकते.

तंत्रज्ञांसाठी तपासणी सोपी आहे: नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर २०० मिलिलिटर पाणी हळूहळू ओतावं, नोंद १० मिलिमीटर यायला हवी. शेतकरी बांधवांनो, शिवारात ओढे वाहत असताना नोंद कोरडी दिसली, तर ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा.