हुशार मूल, पण चारचौघांत मिसळत नाही

वडूजसारख्या गावात चौथीतलं एखादं मूल सहावीची गणितं सोडवतं, पण मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटंच उभं राहतं. घरी लगेच नवोदय किंवा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचं नाव निघतं.

दोन्ही शाळा चांगल्या आहेत. नवोदयमध्ये सहावीपासून मोफत निवासी शिक्षण मिळतं आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 मधलं. पण प्रवेश परीक्षा बुद्धी पाहते. गोंगाट सोसणं, खोलीत दहाजणांसोबत झोपणं, रोजची कवायत हे ती तपासत नाही. अशा मुलाला वसतिगृह फार जड जाऊ शकतं, म्हणून निर्णय घेण्याआधी मुलाला तिथं नेऊन दाखवाच.

पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीची प्रशाला बुद्धिमान मुलांसाठीच, 1969 मध्ये सुरू झाली. सारख्याच आवडीचे सोबती भेटले की अबोल मुलंही बोलू लागतात. मात्र इतक्या लहानपणी घर सोडावं का, हा प्रश्न इथंही आहेच.

माझं मत, आधी गावातल्या शाळेतच वाट शोधावी. मुख्याध्यापकांशी बोला, वरच्या वर्गाची पुस्तकं मागा, एक समजूतदार सोबती जोडून द्या. त्रास खोल वाटला तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. निदान स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निघालं, तर ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी दहावीची वाट पाहू नका, चौकशी आत्ताच सुरू करा.